मरोद्यातला पोळ्याचा बाजार

भिलाईतल्या मरोद्याला बाहेरून येणारा माणूस बहुधा मैत्रीबागेसाठी येतो. पांढरे वाघ बघतो, मुलांना छोट्या आगगाडीत बसवतो, तळ्याकाठी फोटो काढतो आणि संध्याकाळी दुर्गची किंवा रायपूरची वाट धरतो. मैत्रीबाग आहेच बघण्यासारखी. भारत आणि सोव्हिएत रशियाच्या मैत्रीची खूण म्हणून भिलाई पोलाद कारखान्याने १९७२ मध्ये ती उभारली आणि आजही तोच ती सांभाळतो. पण मरोदा कळायचं असेल तर एक अख्खा दिवस तिथल्या बाजाराच्या रस्त्यावर काढावा, आणि जमलंच तर पोळ्याच्या आदल्या दिवशी, असं माझं ठाम मत आहे.

माझी मावशी भंडाऱ्याची. लग्न होऊन भिलाईला आली आणि इथलीच झाली. मावसाजी कारखान्यात कोक ओव्हनला होते. निवृत्त झाल्यावर सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा दोघांनी स्टेशन मरोद्याच्या बाजूला लहानसं घर बांधलं. भिलाईत असे कितीतरी लोक आहेत. नोकरी संपली, कारखान्याने घर परत घेतलं, तरी गावाकडे परत जावंसं वाटलं नाही. मुलं इथं वाढली, शेजार इथं जोडला गेला, दुकानदाराकडची वही इथंच आहे. त्या वहीचं मोल मला मावशीबरोबर बाजारात फिरताना कळलं.

बाजार उजाडायच्या आधीच सुरू होतो, कारण इथला दिवस सूर्यावर नाही, पाळीवर चालतो. सकाळी सहाला पहिली पाळी आत जाते आणि रात्रपाळी बाहेर पडते. दुपारी दोनला पुन्हा अदलाबदल, रात्री दहाला पुन्हा. या तीन वेळांना रस्ता भरतो आणि मधल्या वेळात ओसरतो. म्हणून चहाची टपरी पाचलाच पेटलेली असते. आम्ही पोचलो तेव्हा बाकावर दोन तऱ्हेची माणसं बसली होती. एक, अंघोळ करून, भांग पाडून, डबा घेऊन निघालेली; दुसरी, डोळे तांबारलेली, हेल्मेट मांडीवर ठेवून बसलेली. चहा एकच, पण एकाचा दिवस उघडत होता आणि दुसऱ्याचा मिटत होता. टपरीवाल्याला कोण कोणत्या पाळीचा ते तोंडपाठ. रात्रपाळीवाल्याला तो न विचारता पोहे आणि जिलबी देतो, सकाळवाल्याला नुसता चहा.

पोहे आमच्या नागपुरासारखे नाहीत. तर्री नाही, चण्याचा रस्सा नाही. वर शेव, बारीक कांदा, लिंबू, आणि बाजूला गरम जिलबी. मावशी म्हणाली, ‘‘सुरुवातीला मला हे गोड-तिखट एका ताटात पाहून मळमळे. आता नागपूरला गेली की जिलबीवाचून पोहे घशाखाली उतरत नाहीत.’’

नागपूरचं नाव निघालं की मला एक गोष्ट आठवते, आणि ती फार थोड्या लोकांच्या ध्यानात असते. भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ ला. त्या दिवशी भिलाई ज्या राज्यात होती, त्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ नव्हती, नागपूर होती. दुर्ग आणि भंडारा हे एकाच राज्याचे शेजारी जिल्हे होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा मधे राज्याची सीमा येऊन बसली होती. २००० मध्ये छत्तीसगड झालं आणि सीमेचं नाव तेवढं बदललं. रस्त्यावर मात्र ही सीमा मला कुठं लागली नाही. दिवसभर मी तीच शोधत होते म्हटलं तरी चालेल.

सात वाजता भाजीवाल्या आल्या. जवळपासच्या गावांतल्या बाया, कुणी सायकलवर, कुणी टेम्पोतून, कुणी दल्ली राजहऱ्याकडून येणाऱ्या गाडीतून मरोदा स्टेशनात उतरून. हा लोहमार्ग मुळात राजहऱ्याच्या खाणीतलं लोहखनिज भट्टीपर्यंत आणण्यासाठी आहे, पण त्याच रुळांवरून गुंडरदेही, बालोदकडची भाजीही येते. गोणपाट पसरून त्यांनी वाटे मांडले. अमारी, म्हणजे आपली अंबाडी. चरोटा, म्हणजे टाकळा. चेचभाजी, लालभाजी, कोचईची पानं. श्रावणात रानातून येणारी खेकसी, जिला आम्ही काटवल म्हणतो, ती एका टोपलीत जपून ठेवलेली. महाग असते, सगळ्यांना दाखवतात आणि ओळखीच्यांना देतात. छत्तीसगडी माणूस पालेभाजीवर जीव टाकतो. दोन बाया भेटल्या की पहिला प्रश्न ‘‘का साग रांधे हस?’’ आज काय भाजी केलीस, एवढंच विचारतात, पण त्या उत्तरात घरचं बरं-वाईट सगळं कळतं.

त्या दिवशी सगळ्यांत मोठा ढीग कारल्यांचा होता. मला नवल वाटलं. मावशीने दोन किलो घेतली.

‘‘एवढी कारली काऊन वं?’’

‘‘तीजा नाही का? करू भात नको का करायला?’’

पोळा झाला की तिसऱ्या दिवशी तीजा, म्हणजे आपली हरतालिका. छत्तीसगडात हा माहेरचा सण. भाऊ किंवा बाप सासरी जाऊन लेकीला घेऊन येतो, कितीही वय झालेलं असो. सत्तरीची म्हातारीही भावाची वाट बघते. उपासाच्या आदल्या रात्री सगळ्याजणी कारल्याची भाजी आणि भात खातात, तो करू भात. एकीच्या घरून दुसरीच्या घरी, प्रत्येकीकडे दोन घास. मग दुसरा पूर्ण दिवस पाण्यावाचून. मावशी आपली हरतालिका मराठी पद्धतीने मांडते, वाळूची पिंड करते, पत्री वाहते. पण आदल्या रात्रीचा करू भात तिच्या घरी गेली कित्येक वर्षं होतो. गल्लीत ज्यांना न्यायला कुणी आलं नाही, त्या तिच्याकडे जेवायला येतात. हे सांगताना तिचा आवाज जरा मोठा झाला. कारल्याचा भाव त्या आठवड्यात चढतो, आणि भाजीवाली त्याबद्दल घासाघीस करू देत नाही. ‘‘तीजा ए दीदी,’’ एवढंच म्हणते.

बाजाराच्या वरच्या अंगाला पक्की दुकानं आहेत. भिलाई आखीव गाव. प्रत्येक सेक्टरला आपली शाळा, आपला दवाखाना, आपला बाजार, असा त्याचा नकाशा. कारखान्यासाठी देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून माणसं आली आणि दुकानदारही त्यांच्यामागून आले. एका ओळीत चालत गेलं तर मल्याळी माणसाचं किराणा, त्यात खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर आणि ओणमच्या दिवसांत केळीची पानं. पुढे तेलुगू जोडप्याची इडली-डोशाची गाडी, शेंगदाण्याच्या चटणीसकट. मग बंगाली मिठाई, सरदारजींचं स्कूटरच्या भागांचं दुकान, कोपऱ्यावर लिट्टी शेकणारा बिहारी. यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. भिलाईला ‘लघुभारत’ म्हणायची पद्धतच आहे, म्हणून मी तिथं थांबत नाही. मला त्या दिवशी ओढ होती ती खालच्या अंगाची, जिथं छप्पर नव्हतं.

तिथं कुंभारीण बसली होती.

तिने प्लास्टिकच्या ताडपत्रीवर बैलांची रांग लावली होती. मातीचे, भाजलेले, वीतभर लांबीचे. काही गेरूच्या रंगाचे तसेच ठेवलेले, काही पांढरे चुन्याने सारवून त्यावर लाल-निळे ठिपके. पायांना आरपार भोकं, भोकांतून काड्या, काड्यांना मातीचीच चाकं. नाकात दोरी ओवायला बारीक छिद्र. पाठीवर कोपरासारखं वशिंड, आणि शिंगं मात्र आखूड, कारण लांब केली तर भट्टीतून काढतानाच मोडतात, असं तिनेच सांगितलं. मी एक उचलून जमिनीवर ओढून पाहिला. चाक थोडं वाकडं होतं, बैल लंगडत चालला. तिने माझ्या हातून घेतला, काडी काढली, चाकाच्या भोकात बोट फिरवून माती खरवडली, पुन्हा बसवला. आता सरळ गेला.

बैलांच्या शेजारी मुलींची भांडी. चूल, जातं, तवा, लहान मडकी, खेळण्याचा सगळा संसार. छत्तीसगडात या सणाला पोरा म्हणतात. मुलगे बैल ओढतात, मुली चूल मांडतात. घरोघरी या मातीच्या बैलांची पूजा होते, ठेठरी, खुरमी आणि गुळाच्या चीलाचा नैवेद्य दाखवतात. दुपारनंतर पोरी गावाबाहेर जाऊन मडकं फोडतात. त्या दिवशी शेतात कुणी जात नाही. धानाच्या पोटात दाणा धरायची वेळ असते, अन्नमाता गरोदर असते, तिच्या अंगावर पाय पडू नये, अशी श्रद्धा. शेतीच्या पुस्तकात हीच गोष्ट पोटरीची अवस्था म्हणून लिहिलेली असते. मला शेतकऱ्याचं सांगणं जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात एक दिवस पिकाला एकटं सोडायची समज आहे.

आमच्याकडे भंडाऱ्या-नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात आणि बोजारा मागतात. नागपूरकर भोसल्यांनी ही चाल घातली असं सांगतात. त्याच भोसल्यांपैकी बिंबाजी अठराव्या शतकात छत्तीसगडात रतनपूरला राहून राज्य करत होते. कोणी कोणाचं काय घेतलं याचा निवाडा मला करायचा नाही. लाकूड तिकडे, माती इकडे. पोर तेच आणि दोरी तीच.

‘‘कतका के?’’ मावशीने विचारलं.

‘‘सत्तर रुपिया जोड़ी, दीदी.’’

मावशीने सत्तरच दिले. भाजीला पाच रुपयांसाठी अडून बसणारी बाई इथं बोलली नाही. पुढे चालताना म्हणाली, ‘‘वर्षातून एकदा विकते ते. पावसात भट्टी लावायची म्हणजे अर्धे बैल ओलेच राहतात. तिच्याशी भाव करू नये.’’

दुपारी रस्ता रिकामा झाला. आम्ही घरी येऊन जेवलो. मावसाजींनी मरोद्याच्या तळ्याची गोष्ट काढली. कारखान्याला पाणी लागतं, फार लागतं. तांदुला धरणाच्या कालव्यातून ते मरोद्याच्या जलाशयात येतं आणि तिथून भट्ट्यांकडे जातं. ‘‘आमची भट्टी हजार डिग्रीवर चाले,’’ ते म्हणाले, ‘‘आणि धानाच्या शेतालाही तेच कालव्याचं पाणी. पाऊस कमी झाला की दोघं एकाच पाण्याकडे बघत.’’ कोक ओव्हनला दरवाजे उघडतात तेव्हा समोर कसा लाल भिंतीसारखा कोळसा उभा असतो, ते त्यांनी हातांनी दाखवलं. हातांवर अजून भाजल्याचे डाग आहेत. आता कारखान्यात कायम कामगार फार कमी झाले, ठेक्यावरची माणसं वाढली. हे बाजारात आधी कळतं, असं त्यांचं म्हणणं. कायम कामगाराला महिन्याचं सामान एकदम भरायची सवय, ठेक्यावरचा रोजच्या रोज घेतो. तेलाच्या डब्यांऐवजी दुकानात पुड्या लटकू लागल्या. याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, दल्ली राजहऱ्यात, शंकर गुहा नियोगींनी खाणीतल्या ठेका मजुरांची संघटना उभी केली होती आणि मजुरांच्या पैशांतून रुग्णालय बांधलं होतं. २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईतच त्यांची हत्या झाली. मावसाजी त्यांच्या संघटनेत नव्हते, पण नाव घेताना ते खुर्चीत सरळ बसले.

चारनंतर पुन्हा बाहेर पडलो, ते धान्याच्या दुकानात. मावशीची वही इथली. पाऊणशे टक्के तांदूळच असलेलं दुकान: उघड्या पोत्यांच्या तोंडात खोचलेल्या पुठ्ठ्यावर नावं आणि भाव. दुबराज, जवाफूल, विष्णुभोग. पहिल्या दोघांचा वास दुकानाच्या पायरीपर्यंत येतो. नगरीच्या दुबराजाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण दुकानदाराने गल्ल्यामागे चिकटवलं होतं. पण सगळ्यांत मोठं पोतं आणि सगळ्यांत जास्त खप ‘एचएमटी’चा.

तिथं मला राहवलं नाही. हा तांदूळ कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही, तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या छोट्या शेतकऱ्याने निवडून काढला, हे मी सांगितलं. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ जातीच्या शेतात त्यांना वेगळ्या रंगाच्या तीन ओंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, वर्षामागून वर्षं. दाणा बारीक, भात मऊ, उतारा चांगला. गावाने बियाणं नेलं, मग तालुक्याने. १९९० च्या सुमारास व्यापाऱ्याने नाव विचारलं तेव्हा त्या काळी सगळ्यांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला चिकटलं. बियाणं राज्याची सीमा ओलांडून इथवर आलं, माणसाचं नाव मागे राहिलं. २०१८ च्या जूनमध्ये दादाजी गेले, पैशाच्या ओढगस्तीतच. ज्या माणसाचा भात लाखो ताटांत रोज वाढला जातो, त्याचं नाव पोत्यावर असायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि लिहितानाही वाटतं आहे.

दुकानदाराने मूठभर दाणे तळहातावर घेतले, उलटसुलट केले. ‘‘नागभीड? मेरी बहन की ससुराल तो ब्रह्मपुरी है. उधर ही पड़ता है.’’ मग थोडा थांबून म्हणाला, ‘‘नाम फिर से बोलिए.’’ मी सांगितलं. त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. मावशीला पाच किलो तांदूळ बांधून दिला आणि वहीत मांडला.

संध्याकाळी खाण्याची पाळी. आलुगुंडा घ्यायचा की गुपचुप, यावर मावशीचा आणि माझा मतभेद झाला, तो दोन्ही खाऊन मिटवला. आलुगुंडा म्हणजे आपला बटाटेवडा, पण जरा मोठा आणि लसणाला हलका. पाव नाही, सोबत पातळ तिखट चटणी. गुपचुपच्या पुरीत उकडलेला बटाटा आणि वाटाणे, पाणी चिंचेचं, आंबट जास्त. दोन्ही छान. तरी त्या रस्त्यावरचा माझा मान चीलाला.

कोळशाची शेगडी, त्यावर काळा लोखंडी तवा, मागे एक प्रौढ बाई. तांदळाच्या पिठात मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून भिजवलेलं, ताकाइतकं पातळ. तव्यावर कांद्याची अर्धी फोड तेलात बुडवून फिरवायची, वाटीने पीठ कडेकडून आत सोडायचं, ॲल्युमिनियमचं झाकण ठेवायचं. झाकणाखालचा आवाज ऐकून ती बाई उलटवते. चरचर बारीक झाली की झालं. कडा जाळीदार, मधे मऊ. सोबत पतालची चटणी: टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचे, साल अर्धी जळकी राहू द्यायची, लसूण, मिरची आणि कोथिंबिरीबरोबर पाट्यावर ओबडधोबड वाटायचं. बाकी काही नाही. धुराचा वास, टोमॅटोची आंबट गोडी, आणि नंतर हळूच चढणारी मिरची. घावन खात मोठी झाले असूनही मला वाटतं, तांदळाच्या पिठाला इतका चांगला जोडीदार दुसरीकडे मिळालेला नाही. उद्या पोरा म्हणून तिने दुसऱ्या पातेल्यात गुळाचं पीठही कालवून ठेवलं होतं. मागितल्यावर एक करून दिला, पण मुलांना आधी वाढून.

नऊला पाऊस आला आणि गेला. चौकात चतुर्थीच्या मांडवाचे बांबू रचून ठेवले होते. शिवनाथेकाठच्या थनौदहून मूर्ती आणायची, टेम्पो ठरला, वर्गणी कमी पडते, अशी मुलांची बोलणी चालली होती. दहाला दुसरी पाळी सुटली. स्कूटर, मोटारसायकली, काही सायकली. टपरीवाल्याने पुन्हा चहा चढवला. कुंभारिणीने ताडपत्री आवरायला घेतली होती, तेवढ्यात निळ्या कपड्यांतला एक तरुण गाडी उभी करून धावत आला. मुलासाठी बैल हवे होते, सकाळी दुकान उघडायच्या आत कामावर जायचं होतं. तिच्याकडे दोनच उरले होते, एक लाल आणि एक पांढरा. तो हिरमुसला. जोडी एका रंगाची हवी होती, मुलाने बजावून सांगितलं होतं.

कुंभारिणीने दोन्ही बैल शेजारी शेजारी ठेवले, दोघांच्या नाकात एकच दोरी ओवली आणि त्याच्या हातात दिली.

‘‘गांव मा घलो बइला मन एके रंग के थोरे रहिथें, बाबू. साठ दे दे.’’